परदेशी जोडीदाराशी लग्न, नागरिकत्व आणि पासपोर्ट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परदेशी नागरिकाशी लग्न ठरलं की अभिनंदनाच्या पाठोपाठ पहिला प्रश्न येतो, "मग आता तिकडचा पासपोर्ट कधी?" विचारणाऱ्याला वाटतं उत्तर एका वाक्याचं आहे. तसं ते नाही. देशागणिक नियम वेगळे आहेत, शिवाय ते बदलतही असतात. शुल्क, उत्पन्नाची मर्यादा, भाषेची पातळी या गोष्टी अर्ज करण्याच्या आठवड्यात त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर पुन्हा बघाव्यात. या सगळ्या व्यवस्थेची चौकट मात्र बरीचशी सारखी असते, आणि नेहमी येणारे प्रश्न त्या चौकटीबद्दलचेच असतात.

लग्न केलं की जोडीदाराच्या देशाचं नागरिकत्व आपोआप मिळतं का?

नाही. आज जवळजवळ कुठल्याच देशात नुसत्या लग्नामुळे नागरिकत्व मिळत नाही. लग्नामुळे मिळतो तो अर्ज करण्याचा हक्क, आणि काही देशांत इतरांपेक्षा लवकर अर्ज करण्याची सवलत. आधी जोडीदाराच्या नात्याने व्हिसा, मग तिथे राहण्याचा मुदतीचा परवाना, मग कायम वास्तव्याचा हक्क, त्यानंतर नागरिकत्व आणि सगळ्यात शेवटी पासपोर्ट, असा हा क्रम असतो. काही देश यातली एखादी पायरी गाळतात, पण उलट क्रमाने कुणी जात नाही.

मग आपोआप मिळतं हा समज आला कुठून?

हवेतून आलेला नाही. एकेकाळी ते खरंच होतं, पण फक्त बायकांसाठी. बायकोचं नागरिकत्व नवऱ्यामागे जातं, असा एकोणिसाव्या शतकातल्या बहुतेक कायद्यांचा पाया होता. अमेरिकेत १८५५च्या कायद्याने अमेरिकन पुरुषाशी लग्न करणारी परदेशी स्त्री थेट नागरिक होत असे, मात्र मुळात नागरिक होण्यास ती पात्र असायला हवी. स्वित्झर्लंडमध्ये तर १९९१ संपेपर्यंत स्विस पुरुषाशी लग्न करणारी परदेशी स्त्री लग्नाच्या दिवशीच स्विस होत असे.

याची दुसरी बाजू फारशी सांगितली जात नाही. नवऱ्यामागे नागरिकत्व येतं, तसं ते जातंही. १९०७च्या कायद्याने परदेशी पुरुषाशी लग्न करणाऱ्या अमेरिकन स्त्रीचं नागरिकत्व गेलं, मग ती अमेरिकेतच जन्मलेली आणि तिथेच राहणारी का असेना. कॅलिफोर्नियातल्या एथेल मॅकेन्झी या बाईंनी १९०९ साली एका स्कॉटिश गायकाशी लग्न केलं. स्त्रियांच्या मताधिकारासाठी झटलेल्या या बाई १९१३ मध्ये मतदार यादीत नाव घालायला गेल्या, तेव्हा "तुम्ही आता अमेरिकन नाही" असं सांगून त्यांना परत पाठवलं. १९१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्यांच्याविरुद्धच निकाल दिला. लग्न स्वखुशीने केलं, तेव्हा नागरिकत्वही स्वखुशीने सोडलं, असा तो युक्तिवाद.

१९२२च्या केबल कायद्याने हे बरंचसं दुरुस्त झालं, पण नवरा वंशामुळे नागरिक होण्यास 'अपात्र' असेल तर बायकोचं नागरिकत्व जाणं चालूच राहिलं. १९२३ मध्ये भगतसिंग थिंड खटल्यात भारतीय लोक अपात्र ठरले, आणि तारकनाथ दास यांच्याशी लग्न केलेल्या मेरी दास यांचं नागरिकत्व त्याच कलमाखाली गेलं. विवाहित स्त्रियांच्या राष्ट्रीयत्वाबाबतचा संयुक्त राष्ट्रांचा करार १९५७ मध्ये झाला. लग्न किंवा घटस्फोट यामुळे स्त्रीचं नागरिकत्व आपोआप बदलू नये, हे त्यात लिहून आलं. आज 'आपोआप मिळत नाही' म्हणून जे कुरकुरतात, त्यांना हा इतिहास माहीत असलेला बरा.

व्हिसा, कायम वास्तव्य, नागरिकत्व आणि पासपोर्ट यांत नेमका फरक काय?

व्हिसा म्हणजे येण्याची परवानगी. कायम वास्तव्य म्हणजे राहण्याचा आणि काम करण्याचा हक्क. तो फार काळ बाहेर राहिल्यास किंवा गंभीर गुन्ह्यामुळे जाऊ शकतो. नागरिकत्व हे कायदेशीर नातं आहे, त्यात मतदानाचा हक्क येतो. पासपोर्ट हा त्या नात्याचा प्रवासापुरता पुरावा. ग्रीन कार्ड, म्हणजे अमेरिकेतल्या कायम वास्तव्याचं कार्ड, मिळालं म्हणजे 'अमेरिकन झालो' असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. ते झालेले नसतात.

किती वर्षं लागतात?

इथे देशादेशांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

स्पेनमध्ये एरवी दहा वर्षांचं वास्तव्य लागतं. स्पॅनिश नागरिकाच्या जोडीदाराला कायदेशीर वास्तव्याचं एक वर्ष पुरतं, मात्र लग्नालाही वर्ष झालेलं असावं आणि दोघं विभक्त झालेले नसावेत. ब्राझीलमध्येही ब्राझिलियन जोडीदार असेल तर अट एका वर्षावर येते, आणि पोर्तुगीज भाषा यावी लागते. जर्मनीत तीन वर्षांचं वास्तव्य आणि त्यात लग्नाची किमान दोन वर्षं. आयर्लंडमध्ये लग्नाला तीन वर्षं आणि आयर्लंड बेटावर तीन वर्षांचं वास्तव्य, त्यातलं शेवटचं वर्ष सलग. फ्रान्समध्ये लग्नानंतर चार वर्षं. स्वित्झर्लंडमध्ये पाच वर्षांचं वास्तव्य आणि तीन वर्षांचं लग्न. जपानमध्ये दोन पर्याय आहेत: एक तर जपानमध्ये सलग तीन वर्षं वास्तव्य, किंवा लग्नाला तीन वर्षं झालेली असून जपानमध्ये एक वर्षाचं वास्तव्य.

अमेरिकेचं गणित थोडं गुंतागुंतीचं आहे. ग्रीन कार्ड मिळाल्यावर इतरांना पाच वर्षं थांबावं लागतं, अमेरिकन नागरिकाच्या जोडीदाराला तीन. पण ही तीन वर्षं जोडीदाराबरोबर एकत्र राहून काढलेली असावी लागतात, जोडीदार त्या पूर्ण काळात नागरिक असावा लागतो, आणि त्यातले निदान अठरा महिने प्रत्यक्ष अमेरिकेत काढलेले असावेत. जोडीदारच गेल्या वर्षी नागरिक झाला असेल, तर ही सवलत इतक्यात नाही.

ब्रिटनमध्ये कागदावर तीन वर्षांचं वास्तव्य पुरतं, पण त्याआधी कायम वास्तव्य मिळालेलं असावं लागतं, आणि जोडीदाराच्या व्हिसावरून तिथे पोहोचायला साधारण पाच वर्षं जातात. सवलत एवढीच की कायम वास्तव्य मिळाल्यावर इतरांना आणखी वर्षभर थांबावं लागतं, ब्रिटिश नागरिकाच्या जोडीदाराला लगेच अर्ज करता येतो.

कॅनडा आणि ऑस्ट्रेलिया लग्नासाठी नागरिकत्वाची मुदत कमी करतच नाहीत. कॅनडात पाच वर्षांत १,०९५ दिवस प्रत्यक्ष राहिलेलं दाखवावं लागतं. ऑस्ट्रेलियात चार वर्षांचं कायदेशीर वास्तव्य, त्यातलं शेवटचं वर्ष कायम रहिवासी म्हणून. लग्नाचा उपयोग तिथे आत शिरण्यापुरता.

हे सगळे आकडे अर्ज कधी करता येतो याचे आहेत. निकाल कधी लागेल ते वेगळंच. इटलीत तर अर्जाच्या निकालासाठी कायद्यानेच २४ महिने दिलेत, आणि ते ३६पर्यंत वाढू शकतात.

त्या देशात न राहता नागरिकत्व मिळू शकतं का?

मोजक्या ठिकाणी मिळतं. इटालियन नागरिकाचा जोडीदार इटलीबाहेर राहत असेल तर लग्नानंतर तीन वर्षांनी अर्ज करता येतो. इटलीत राहत असेल तर दोन वर्षांनी, आणि मूल असेल तर दोन्ही मुदती निम्म्या होतात. फ्रान्समध्ये बाहेर राहणाऱ्यांसाठी चाराची पाच वर्षं होतात, मात्र फ्रेंच जोडीदाराचं नाव त्या काळात परदेशस्थ फ्रेंचांच्या नोंदवहीत असेल तर चारच. स्वित्झर्लंड सहा वर्षांचं लग्न आणि देशाशी घट्ट संबंध मागतो.

घोडं पेंड खातं ते भाषेपाशी. इटलीने डिसेंबर २०१८ पासून लग्नाच्या मार्गालाही इटालियनची बी-१ पातळी (युरोपीय मोजपट्टीवरची मधली पातळी) सक्तीची केली. ती भाषा रोज कानावर न पडता तिथवर जाणं जमतं, पण मेहनत लागते. 'न राहता मिळतं' हे खरं असलं तरी 'काही न करता मिळतं' असा त्याचा अर्थ काढू नये.

लग्न ठरलंय पण झालेलं नाही. आधी तिकडे जाऊन लग्न करता येईल का?

काही देशांत येतं. अमेरिकेच्या के-१ व्हिसावर (लग्न ठरलेल्या जोडीदारासाठीचा व्हिसा) पोहोचल्यापासून ९० दिवसांत त्याच व्यक्तीशी लग्न करावं लागतं. ब्रिटनचा असा व्हिसा सहा महिन्यांचा असतो आणि त्यावर काम करता येत नाही. पर्यटक व्हिसावर जाऊन गुपचूप लग्न करून तिथेच राहायचं, हा सल्ला मात्र कानाआड करा. विमानतळावर 'फिरायला आलो' म्हणून सांगितलेलं पुढे अर्जात खोटं निवेदन ठरू शकतं.

लग्न खरं आहे हे सिद्ध करायचं म्हणजे नेमकं काय?

इथेच सर्वांत जास्त अर्ज अडखळतात, म्हणून थोडं सविस्तर.

विवाहाचा दाखला हा लग्न झाल्याचा पुरावा. तुम्ही संसार करता आहात याचा तो पुरावा नव्हे. अधिकाऱ्याला दुसरी गोष्ट बघायची असते. फोटोंचा अल्बम लोक हौसेने जोडतात, पण एका दिवसाचे दोनशे फोटो हा एकाच दिवसाचा पुरावा असतो. त्यापेक्षा तीन वर्षांत वेगवेगळ्या ठिकाणी, वेगवेगळ्या माणसांसोबत काढलेले पंधरा फोटो भारी पडतात. संयुक्त बँक खात्याचंही तसंच. खातं दोघांच्या नावाचं आहे, पण वर्षभरात व्यवहार एकच, तोही खातं उघडताना भरलेल्या रकमेचा, असं विवरण जोडण्यापेक्षा न जोडलेलं बरं. ज्या खात्यातून घरभाडं जातं, विजेचं बिल जातं, किराणा येतो, ते खातं बोलतं.

भाडेकरार, विमा पॉलिसीत वारस म्हणून लिहिलेलं नाव, एकाच पत्त्यावर दोघांच्या नावाने आलेली पत्रं, एकमेकांकडे जाताना काढलेली तिकिटं, लांब राहत असाल तर कॉल आणि संदेशांच्या नोंदी, हे सगळं तारखेनुसार लावा. संदेशांचे गठ्ठेच्या गठ्ठे देऊ नका. दर दोन-तीन महिन्यांतलं एखादं पान पुरतं, आणि शक्यतो ज्यात काहीतरी ठरवाठरवी चालली आहे असं: गॅस कोण बुक करणार, सासूबाईंच्या तपासणीची तारीख, तिकिटाचे पैसे. प्रेमाची वाक्यं कुणालाही लिहिता येतात.

मुलाखतीत, विशेषतः शंका आली तर, दोघांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवून तेच प्रश्न विचारतात. काल रात्री स्वयंपाक कुणी केला? सकाळी आधी कोण उठतं? घराच्या किल्ल्या किती आणि कुणाकडे? जोडीदार पलंगाच्या कुठल्या बाजूला झोपतो? प्रश्न बालिश वाटतात, पण एकत्र राहणाऱ्याला त्यांची उत्तरं विचार न करता येतात. एखादं येत नसेल तर "लक्षात नाही" म्हणावं. त्याने कुणाचा अर्ज बुडत नाही. घरी बसून उत्तरं पाठ करणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण. दोघांची वाक्यं शब्दन् शब्द सारखी आली की अधिकाऱ्याची भुवई वर जाते.

आमचं लग्न घरच्यांनी जुळवलेलं आहे आणि आधी भेटी फार झालेल्या नाहीत. अडचण येईल का?

जुळवलेलं लग्न अवैध नाही, आणि त्याला खोटं लग्न म्हणत नाहीत. मात्र प्रत्यक्ष भेट झालेली असावी लागते. ब्रिटनच्या नियमांत तशी अटच आहे, आणि अमेरिकेच्या के-१ व्हिसासाठी अर्जाआधीच्या दोन वर्षांत निदान एकदा भेट लागते. धार्मिक किंवा सामाजिक रीतीमुळे भेटता येत नसेल तर के-१साठी सूट मागता येते. लग्न कसं जुळलं, कुणी सुचवलं, बोलणी कधी झाली, हे एका पानावर साध्या शब्दांत लिहून अर्जासोबत द्या. ही पद्धत अधिकाऱ्याला माहीत असेलच, असं धरून चालू नये.

उत्पन्नाची अट कुणाला लागू होते?

सहसा जो बोलावतो त्याला. ब्रिटनमध्ये एप्रिल २०२४ पासून जोडीदाराच्या व्हिसासाठी वर्षाला २९,००० पौंड उत्पन्न दाखवावं लागतं. त्याआधी हा आकडा १८,६०० होता. या एका बदलामुळे कित्येक जोडपी ताटकळली. अमेरिकेत सरकारी दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्के उत्पन्न दाखवून हमीपत्रावर सही करावी लागते.

ही सही करताना लोक हमीपत्र वाचत नाहीत, आणि ते वाचायलाच हवं. ती हमी घटस्फोटाने संपत नाही. जोडीदार नागरिक होईपर्यंत किंवा त्याच्या खाती कामाच्या चाळीस तिमाह्या, म्हणजे साधारण दहा वर्षं, जमा होईपर्यंत ती चालू राहते. एरवी ती सुटते ती दोघांपैकी एकाचा मृत्यू झाला किंवा जोडीदाराने देश कायमचा सोडला तरच. कॅनडात जोडीदारासाठीची हमी तीन वर्षांची असते, आणि तिथेही नातं तुटलं म्हणून ती रद्द होत नाही.

कागदपत्रांत सर्वाधिक गोंधळ कुठे होतो?

नावात. जन्मदाखल्यावर एक स्पेलिंग, शाळेच्या दाखल्यावर दुसरं, पासपोर्टवर मधलं नाव आडनावाच्या रकान्यात, आणि विवाहाच्या दाखल्यावर लग्नानंतरचं नाव. घरच्या घरी यात कुणाला काही खटकत नाही. परदेशी कारकुनाला मात्र ती तीन वेगळी माणसं दिसतात. लग्नानंतर नाव बदलायचं की नाही हे अर्ज करण्याआधी ठरवा, आणि बदललं तर सगळीकडे बदला. अर्ध्या वाटेत नाव बदलण्याइतका वेळखाऊ उद्योग दुसरा नाही.

दुसरी गोष्ट अपोस्टीलची. १९६१च्या हेग कराराने ठरलेलं हे प्रमाणपत्र दाखल्याच्या मागे लागलं की करारातले इतर देश तो दाखला अस्सल मानतात. भारत २००५ पासून या करारात आहे. चीन नोव्हेंबर २०२३ आणि कॅनडा जानेवारी २०२४ पासून. अपोस्टील आधी करायचं आणि भाषांतर नंतर, कारण भाषांतरात अपोस्टीलचा मजकूरही यावा लागतो. भाषांतर त्या देशाने मान्य केलेल्या भाषांतरकाराचंच असावं. पोलिसांचा चारित्र्य दाखला आणि अविवाहित असल्याचा दाखला फार आधी काढून ठेवू नका. या दोन्हींची मुदत काही महिन्यांचीच असते, आणि बाकीचे कागद जमेपर्यंत ती संपून जाते.

भाषेची आणि नागरिकशास्त्राची परीक्षा जोडीदारालाही द्यावी लागते का?

बहुतेक ठिकाणी हो. जर्मनीत बी-१ पातळीचं जर्मन आणि ३३ प्रश्नांपैकी १७ बरोबर. ब्रिटनमध्ये २४ प्रश्नांपैकी १८ बरोबर आणि बी-१ इंग्रजी. स्पेनमध्ये ए-२, म्हणजे बी-१च्या खालची पातळी. नागरिकशास्त्र पाठांतराने निघतं. भाषेला वेळ द्यावाच लागतो, आणि घरी दोघं इंग्रजीतच बोलत असाल तर जास्तच.

आधीचं नागरिकत्व सोडावं लागतं का?

हा प्रश्न दोन देशांना विचारायचा असतो: जो देतोय त्याला आणि ज्याचं आहे त्याला. जर्मनीने २७ जून २०२४ पासून दुहेरी नागरिकत्व सरसकट मान्य केलं. फ्रान्स, इटली, ब्रिटन, कॅनडा यांना आधीपासूनच त्याचं वावडं नाही. जपान, सिंगापूर आणि चीन मात्र जुनं सोडायला लावतात.

भारतीय नागरिकांसाठी उत्तर भारताच्या बाजूने ठरतं. १९५५च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ नुसार स्वेच्छेने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारतीय नागरिकत्व त्याच क्षणी संपतं. वेगळा अर्ज करून ते 'सोडावं' लागत नाही, ते गेलेलंच असतं. त्यानंतर भारतीय पासपोर्टवर प्रवास करणं हा गुन्हा आहे. पासपोर्ट परत करून तसा दाखला घ्यायचा असतो. मग ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्डासाठी अर्ज करता येतो. त्याने आजीवन व्हिसा मिळतो, पण मतदान करता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. ओसीआयला 'दुहेरी नागरिकत्व' म्हणण्याची पद्धत पडली आहे. ती चुकीची आहे.

आणि एक सावधगिरी. नवा देश 'आधी जुनं सोडून या' म्हणत असेल, तर नागरिकत्व देणार असल्याचं लेखी आश्वासन हातात आल्याशिवाय जुनं सोडू नका. तैवानमध्ये लग्न करून गेलेल्या अनेक व्हिएतनामी बायकांनी नियमाप्रमाणे आधी आपलं नागरिकत्व सोडलं, मधल्या काळात संसार मोडला, आणि नवं मिळालंच नाही. तेलही गेलं, तूपही गेलं, हाती धुपाटणं आलं. तैवानने पुढे कायदा बदलून जुनं नागरिकत्व नंतर सोडण्याची मुभा दिली, पण असे नियम अजून सगळीकडे बदललेले नाहीत.

मधेच घटस्फोट झाला तर?

कुठल्या पायरीवर आहात त्यावर सगळं अवलंबून. नागरिकत्व मिळालेलं असेल आणि लग्न खरं होतं, तर ते जात नाही. कायम वास्तव्य असेल तर बहुतेक देशांत तेही टिकतं, फक्त नागरिकत्वाची सवलत जाते आणि इतरांसारखं पूर्ण मुदत थांबावं लागतं. जोडीदाराच्या मुदतीच्या व्हिसावर असाल तर तो व्हिसाच धोक्यात येतो.

अमेरिकेत ग्रीन कार्ड मिळताना लग्नाला दोन वर्षं पूर्ण झालेली नसतील, तर कार्ड दोन वर्षांचं आणि सशर्त असतं. ती मुदत संपण्याआधीच्या ९० दिवसांत दोघांनी मिळून शर्त काढण्याचा अर्ज करायचा असतो. घटस्फोट झाला असेल तर एकट्याने अर्ज करता येतो, पण लग्न मनापासून केलं होतं हे दाखवावं लागतं.

जोडीदार छळ करतो, पण व्हिसा त्याच्या हातात आहे. काय करावं?

"तक्रार केलीस तर परत पाठवीन" ही धमकी फार जुनी आहे, आणि अनेक देशांच्या कायद्याने तिची धार काढून घेतली आहे. अमेरिकेत १९९४च्या 'स्त्रियांवरील हिंसाचार' कायद्यामुळे छळ सोसणाऱ्या जोडीदाराला स्वतःच अर्ज करता येतो, आणि अधिकारी छळ करणाऱ्याला त्याबद्दल कळवत नाहीत. नावात स्त्रियांचा उल्लेख असला तरी हा कायदा पुरुषांनाही लागू आहे. ब्रिटनमध्ये घरगुती छळामुळे नातं तुटलं तर जोडीदाराच्या व्हिसावरच्या व्यक्तीला थेट कायम वास्तव्य मागता येतं. कॅनडा आणि ऑस्ट्रेलियातही वेगळ्या तरतुदी आहेत. आपला पासपोर्ट, विवाहाचा दाखला आणि परवान्याची प्रत स्वतःच्या ताब्यात ठेवा. निदान त्यांचे फोटो जोडीदाराला उघडता येणार नाही अशा ईमेलवर ठेवा. मदत संस्थेला फोन करताना तो घरच्या सामायिक फोनवरून करू नका.

जोडीदाराचं निधन झालं तर अर्ज बाद होतो का?

सगळीकडे नाही. अमेरिकन नागरिकाच्या विधवेला किंवा विधुराला निधनानंतर दोन वर्षांच्या आत स्वतः अर्ज करता येतो. इतर देशांतही पुष्कळदा तरतूद असते, पण मुदत वेगळी असू शकते. दुःखात कागद बघायला कुणाला सुचत नाही, म्हणून हे काम घरातल्या दुसऱ्या कुणी हाती घ्यावं.

आधीच्या लग्नातली मुलं आणि नवं मूल यांचं काय?

दोघांना झालेलं मूल बहुतेक वेळा नागरिक असलेल्या आईकडून किंवा वडिलांकडून जन्मतःच नागरिकत्व घेतं, फक्त नोंदणी वेळेत करायची. आधीच्या लग्नातल्या मुलाला मात्र सावत्र आई किंवा वडिलांमुळे नागरिकत्व मिळत नाही. त्याचा वेगळा अर्ज, आणि त्यासाठी दुसऱ्या पालकाची लेखी संमती किंवा ताब्याबाबतचा न्यायालयाचा आदेश. ही संमती शेवटच्या आठवड्यात मागायला जाऊ नये.

लग्न न करता एकत्र राहत असू तर? आणि समलिंगी जोडप्यांना हे लागू आहे का?

ऑस्ट्रेलिया साधारण बारा महिन्यांचं एकत्र राहणं जोडीदाराच्या व्हिसासाठी धरतो, ब्रिटन दोन वर्षांचं लग्नासारखं नातं. पुरावे मात्र लग्नापेक्षा जास्त लागतात.

समलिंगी विवाहांना अमेरिकेची इमिग्रेशन व्यवस्था २०१३ पासून इतर विवाहांसारखंच मानते. युरोपीय संघाच्या न्यायालयाने २०१८ मध्ये रुमेनियातल्या कोमन खटल्यात ठरवलं, की सदस्य देशात झालेला समलिंगी विवाह वास्तव्याच्या हक्कापुरता सगळ्या सदस्य देशांनी मान्य करावा, तिथल्या कायद्यात असा विवाह नसला तरी.

जोडीदार युरोपीय संघातल्या देशाचा आहे, पण आम्ही संघातल्याच दुसऱ्या देशात राहणार आहोत. फरक पडतो का?

पडतो, आणि बऱ्याचदा फायद्याचा. आपला देश सोडून संघातल्या दुसऱ्या देशात राहणाऱ्या नागरिकाच्या कुटुंबाला २००४च्या संघीय निर्देशानुसार वास्तव्य मिळतं. त्या देशाच्या स्वतःच्या नागरिकांच्या जोडीदारांवर लादलेल्या भाषेच्या वगैरे अटी तिथे लागत नाहीत. मजेची गोष्ट अशी, की यातला एक महत्त्वाचा निकाल सुरिंदर सिंग या भारतीय नागरिकाच्या खटल्यातला आहे. ब्रिटिश पत्नीबरोबर ते जर्मनीत काम करून ब्रिटनला परतले, आणि १९९२ मध्ये न्यायालयाने म्हटलं, की दुसऱ्या सदस्य देशात काम करून मायदेशी परतणाऱ्या नागरिकाच्या जोडीदारालाही संघाचे हक्क मिळाले पाहिजेत. ब्रेक्झिटनंतर ब्रिटनसाठी हा मार्ग बंद झाला. इतर सदस्य देशांत तत्त्व कायम आहे.

नागरिकत्वासाठी मात्र सवलत मिळते ती जोडीदाराच्या देशाची. फ्रेंच जोडीदारासोबत बर्लिनमध्ये राहिलात म्हणून जर्मनी तीन वर्षांची सवलत देणार नाही.

परदेशी जोडीदाराला भारतीय नागरिकत्व घ्यायचं असेल तर?

नोंदणीचा मार्ग आहे. भारतात सात वर्षांचं वास्तव्य लागतं: अर्जाआधीचे बारा महिने सलग, आणि त्याआधीच्या आठ वर्षांत मिळून सहा वर्षं. आधीचं नागरिकत्व सोडावं लागतं. त्यामुळे बरेच जण ओसीआयवर थांबतात. त्यासाठी विवाह नोंदवलेला आणि सलग दोन वर्षं टिकलेला असावा लागतो. असं कार्ड घटस्फोट झाला तर रद्द होऊ शकतं. पाकिस्तान आणि बांगलादेशच्या आजी-माजी नागरिकांना, आणि ज्यांचे आईवडील, आजी-आजोबा किंवा पणजी-पणजोबा तिथले नागरिक होते त्यांना ओसीआय मिळत नाही.

केवळ पासपोर्टसाठी कागदी लग्न केलं तर?

गुन्हा आहे. अमेरिकेत पाच वर्षांपर्यंत कैद आणि अडीच लाख डॉलरपर्यंत दंड आहे. शिवाय असं लग्न केल्याचं एकदा नोंदीत आलं, की पुढे खरं लग्न केलं तरी त्या आधारावरचा अर्ज मंजूर होत नाही. ब्रिटनमध्ये लग्नाची नोटीस २८ दिवसांची असते. संशय आला तर चौकशीसाठी ती ७० दिवसांवर नेतात. फसवणूक दहा वर्षांनी उघडकीस आली तरी नागरिकत्व काढून घेता येतं. 'फक्त सहीपुरतं' असं सांगणाऱ्या मध्यस्थाचं नाव त्या कागदावर कुठेही नसतं.

वकील किंवा एजंट हवाच का?

सरळ प्रकरणात नाही. आधी व्हिसा नाकारलेला असेल, मुदतीपेक्षा जास्त राहणं झालं असेल, पोलीस केस असेल किंवा आधीचा घटस्फोट दुसऱ्याच देशात झाला असेल, तर त्या देशात नोंदणीकृत असलेल्या वकिलाचा सल्ला घ्या. मंजुरीची खात्री देणाऱ्याकडून घेऊ नका. अर्ज कुणीही भरला तरी सही तुमची असते, आणि त्यात एजंटने सोयीसाठी घातलेली खोटी तारीख तुमचंच निवेदन ठरते.

नागरिकत्व मंजूर झालं. पासपोर्ट घरी येतो का?

नाही, त्यासाठी वेगळा अर्ज. बऱ्याच देशांत आधी शपथविधी असतो आणि शपथ घेईपर्यंत तुम्ही नागरिक नसता, मंजुरीचं पत्र आलेलं असलं तरी. ब्रिटनमध्ये बोलावणं आल्यापासून साधारण तीन महिन्यांत शपथ घ्यावी लागते. त्यानंतर मिळणाऱ्या प्रमाणपत्रावरचं नाव, जन्मतारीख आणि जन्मस्थळ तिथल्या तिथे, खुर्चीवरून उठण्याआधी तपासा. पासपोर्ट त्यावरूनच छापला जातो.

शपथ आणि नवा पासपोर्ट यांच्यामध्ये काही आठवडे जातात. या काळात परदेशप्रवास ठरवू नका. जुना राहण्याचा परवाना संपलेला असतो, नवा पासपोर्ट आलेला नसतो, आणि भारतीयांच्या बाबतीत जुना पासपोर्ट वापरता येत नाही. तिकीट आधीच काढलेलं असेल तर शपथविधीची तारीख पुढे ढकलून मागा. अनेक ठिकाणी एकदा तरी ढकलून देतात.

नवा पासपोर्ट आल्यावर बँक, मालमत्ता, करखातं आणि विमा यांवरची नागरिकत्वाची नोंद बदलून घ्या. भारतात बचत खातं असेल तर बँकेला कळवून ते अनिवासी खात्यात बदलावं लागतं. हे खरं तर परदेशी राहायला गेल्यावरच व्हायला हवं होतं, पण पुष्कळांचं या टप्प्यापर्यंत राहून गेलेलं असतं.